जिप्सोफिला : घरच्या वाफ्यात बियाण्यापासून



लग्नाच्या स्टेजवर किंवा सत्काराच्या गुच्छात गुलाबाभोवती पांढऱ्या बारीक फुलांची जाळी असते. तिचे नाव जिप्सोफिला. हे फूल आपल्याकडे होईल का, असे शेतावर गेलो की आम्हाला विचारले जाते. साधे उत्तर असे, की थंडीत, घराजवळच्या लहान वाफ्यात, बियाण्यापासून होते. मात्र ऊस पिकवायचा हात जरा आवरावा लागतो. भरपूर पाणी, भरपूर युरिया आणि पहिल्याच वर्षी मोठे क्षेत्र, या तिन्ही गोष्टी या फुलाला मानवत नाहीत.

कोणती जात घ्यावी?

जिप्सोफिलाचे दोन प्रकार ध्यानात ठेवावेत. पहिला बहुवर्षायू. बाजारात येणारी दुहेरी पाकळ्यांची फुले बहुतेक याच प्रकारातली. त्याची रोपे टिश्यूकल्चरने किंवा छाट कलमाने करतात. त्याला फुलायला मोठा दिवस लागतो. आपल्याकडे थंडीतला दिवस सुमारे ११ तासांचा, म्हणून रात्री दिवे लावावे लागतात. हे घरगुती काम नव्हे.

दुसरा प्रकार हंगामी. पेरल्यापासून आठ ते दहा आठवड्यांत फुलतो आणि संपतो. फुले एकेरी, उंची दीड-दोन फूट. ‘कोव्हेंट गार्डन’ ही यातली जुनी, मोठ्या पांढऱ्या फुलांची जात. घरी बियाण्यापासून करायचा तो हाच.

दुहेरी फुलांचेच बी आणून का पेरू नये? उसावरून पाहा. आपण कांडीचे बेणे लावतो, म्हणून को ८६०३२ लावला की को ८६०३२ च उगवतो. उसाच्या तुऱ्यातले बी पेरले तर प्रत्येक रोप वेगळे निघते. म्हणून ते बी नवीन जाती काढणाऱ्या संशोधन केंद्रांच्या कामाचे, लागणीच्या नव्हे. दुहेरी जिप्सोफिलाचेही तसेच आहे. बियाण्यापासून सगळी झाडे आईसारखी येत नाहीत. तेव्हा पाकिटावरच्या चित्राला भुलू नका, हंगामी जात आहे का ते विचारून घ्या.

आपली जमीन

जिप्सोफिला या ग्रीक नावाचा अर्थ जिप्समची आवड असलेले असा आहे. चुनखडीच्या जमिनीत उसावर केवडा पडतो, पाने पिवळी-पांढरी होतात, हे माढा-कुर्डुवाडी भागातल्या शेतकऱ्याला सांगायला नको. या फुलाला चुना सोसतो. पण चुनखडी चालते म्हणून चोपण चालेल असे समजू नका. ज्या रानात पाणी साचते तिथे मुळे कुजतात. हलकी ते मध्यम, निचऱ्याची जागा निवडावी. भारी काळी माती असेल तर वीतभर उंचीचा गादीवाफा करून त्यात वाळू मिसळावी. दिवसाकाठी सहा तास तरी ऊन हवे.

बी आधी तपासा

बी मोहरीहून बारीक असते. पेरण्यापूर्वी शंभर बिया मोजून ओल्या फडक्यात ठेवाव्यात. फडके ओलसर राहावे, निथळते नको. सात ते चौदा दिवसांत मोड येतात. शंभरातल्या पन्नासच उगवल्या तर बी दुप्पट धरावे. त्याहून कमी उगवल्या तर दुसरे आणावे.

पेरणी

दसऱ्याच्या सुमारास ऊन उतरू लागले की पहिली पेरणी करावी. फुलांचा बहर तीन-चार आठवडेच टिकतो. म्हणून सगळे बी एकदम न टाकता दर पंधरा दिवसांनी एकेक तुकडा पेरावा, डिसेंबरपर्यंत. तुळशीच्या लग्नानंतर लगीनसराई सुरू होते, त्या हिशेबाने पाठोपाठ फुले मिळत राहतात. त्यानंतर पेरलेले पीक आपल्या उन्हाळ्यात सापडते.

या झाडाला सोटमूळ असते, उपटून दुसरीकडे लावलेले त्याला आवडत नाही. म्हणून जागेवरच पेरावे. वाफा नसेल तर तेलाचा रिकामा डबा घेऊन तळाला भोके पाडावीत. दोन भाग पोयटा माती, एक भाग वाळू आणि एक भाग चांगले कुजलेले शेणखत भरावे. बी कोरड्या वाळूत मिसळून ओळीत टाकावे आणि वर चाळलेल्या मातीचा दोन-तीन मिलिमीटरच थर द्यावा. खोल गेलेले बी वर येत नाही. झारीने हलके पाणी देऊन ओले गोणपाट झाकावे. मोड दिसले की त्याच दिवशी गोणपाट काढावे.

रोपे दोन-तीन बोटे उंच झाली की विरळणी करून अर्ध्या फुटावर एक रोप ठेवावे. दाटीत रोपे कोलमडतात.

पाणी आणि खत

पाटाने पाणी सोडू नका. बोट पेरभर मातीत खुपसा. कोरडे लागले तरच झारीने बुडाशी पाणी घाला. पाणी कमी द्या म्हटलं की आपल्या माणसाचा जीव वरखाली होतो, पण इथे तहानेपेक्षा पाण्यानेच जास्त झाडे मरतात. शेणखत सुरुवातीला दिले तेवढे पुरे. युरियाने पाला माजतो, काड्या लुळ्या पडतात. झाडे झुकू लागली तर चार खुंट्या रोवून सुतळी बांधावी.

तोडणी आणि विक्री

फांदीवरची तिसरा हिस्सा ते निम्मी फुले उमलली की सकाळी थंड वेळी कापावे आणि लगेच स्वच्छ पाण्यात ठेवावे. पिकत्या केळीच्या खोलीत फुले ठेवू नयेत. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू सुटतो, त्याने फुले लवकर कोमेजतात. उरलेल्या जुड्या सावलीत उलट्या टांगल्या तर वाळूनही शोभेला राहतात. या झाडांच्या मुळांत रिठ्यासारखा फेस करणारा सॅपोनिन हा घटक असतो, तेव्हा उपटलेली झाडे वैरणीत टाकू नयेत.

आता मुख्य गोष्ट. पंढरपूरच्या बाजारात हारासाठी झेंडू-शेवंती खपते, तसा हा माल खपणार नाही. गिऱ्हाईक फक्त गुच्छ आणि सजावट करणारे. म्हणून पेरणीआधी कुर्डुवाडी, बार्शी, सोलापूरच्या फूलवाल्यांना विचारा : एकेरी फूल चालेल का, जुडी केवढी हवी, कोणत्या तारखांना हवी? उत्तर मिळाल्याशिवाय चार हात लांब वाफ्यापलीकडे जाऊ नका. ऊस बिलाच्या भरवशावर शेडनेटसाठी कर्ज तर मुळीच काढू नका. गिऱ्हाईक नाही मिळाले तर वाफ्यात गेलेले बियाण्याचे पाकीट परवडते, बँकेचा हप्ता परवडत नाही.

एक वही ठेवा. पेरणीची तारीख, उगवलेली रोपे, पहिले फूल, किती जुड्या निघाल्या, काय भाव मिळाला, एवढेच लिहा. हंगाम संपल्यावर वही गट कार्यालयात दाखवा. चार-पाच घरांच्या नोंदी जुळल्या की पुढच्या वर्षी अर्धा गुंठा करावा की थांबावे, हे आपल्याच आकड्यांवरून ठरवता येईल.

— ऊस विकास अधिकारी