देवाविषयी दोन मते : दोन्ही विवेकाची असू शकतात काय?



धम्मदीक्षा घेतलेल्या पुष्कळ घरांत एक प्रसंग हटकून घडतो. मुलगा त्रिसरण-पंचशील म्हणतो आणि म्हातारी आई देव्हाऱ्यात दिवा लावते. मुलगा म्हणतो, "देव नाही." आई म्हणते, "तू तापाने फणफणला होतास. मी नवस बोलले म्हणून वाचलास." शब्दाने शब्द वाढतो आणि वंदनेची वेळ भांडणात जाते. या दोघांपैकी एक जण अविवेकी असलाच पाहिजे काय? आजच्या पाठात याचा विचार करू.

प्रथम एक भेद ध्यानात घ्या. मत खरे असणे वेगळे आणि ते विवेकाने धरलेले असणे वेगळे. मृगाच्या तोंडावर दोन शेतकरी आभाळ पाहतात. एक जण ढगांची दिशा पाहून धूळपेरणी करतो. दुसऱ्याचे बियाणे मागील साली जळाले होते. तो म्हणतो, जमिनीत वीतभर ओल उतरल्याशिवाय मी पेरणार नाही. अनुभव निराळे म्हणून निर्णय निराळे, पण विचार दोघांनीही केला आहे. तिसरा मात्र भगताने सांगितले म्हणून पेरतो. उद्या पाऊस पडला तर त्याचेही पीक येईल. परंतु त्याला कोणी विवेकी म्हणणार नाही.

आता आईकडे पाहा. तिने नवस केला आणि मूल उठून बसले, हे तिने डोळ्यांनी पाहिले. तिच्या मताला हा आधार आहे, हे मान्य करा. परंतु तो आधार तपासता येतो. त्याच तापात औषध दिले होते काय? ज्यांनी ज्यांनी नवस केले, त्या सर्वांची मुले वाचली काय? हे प्रश्न ऐकून ती विचार करील, तर ती विवेकाच्या वाटेवर आहे. मग तिचे मत आज बदलो वा न बदलो. "प्रश्नच विचारू नकोस" असे म्हणेल, तर तेथे विवेक संपला.

हीच कसोटी मुलालाही लागू आहे. देव का मानीत नाहीस, असे विचारल्यावर "बाबासाहेबांनी सांगितले म्हणून" एवढेच उत्तर असेल, तर तो तिसऱ्या शेतकऱ्याच्या पंक्तीला बसला. केसपुत्तच्या कालामांना तथागतांनी हेच बजावले होते. परंपरा आहे, ग्रंथात आहे, सांगणारा आपला गुरू आहे, एवढ्यावरून काही स्वीकारू नये. स्वतः बाबासाहेबांनी १९३५ साली येवल्यास धर्मांतराची घोषणा केली आणि दीक्षा घेतली ती १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपुरात. मध्ये २१ वर्षे गेली. त्यांनी पारखून घेतले. आपण न पारखता कसे घ्यावे?

असाच एक वाद तथागतांपुढे आला होता. तो दीघनिकायातील तेविज्ज सुत्तात आहे आणि बाबासाहेबांनीही तो 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात घेतला आहे. कोसल देशात मनसाकट गावी वासेट्ठ आणि भारद्वाज हे दोन ब्राह्मण तरुण ब्रह्म्याकडे जाण्याचा सरळ मार्ग कोणता यावर भांडत होते. एक पोक्खरसातीचा हवाला देई, दुसरा तारुक्खाचा. तथागतांनी कोणाचीही बाजू घेतली नाही आणि कोणाला मूर्खही म्हटले नाही. त्यांनी विचारले, तुमच्या आचार्यांपैकी, त्यांच्या आचार्यांपैकी, मागील सात पिढ्यांत कोणी ब्रह्म्याला प्रत्यक्ष पाहिले आहे काय? वासेट्ठाला "नाही" म्हणावे लागले. वाडा कोठे आहे हे ठाऊक नसताना चव्हाट्यावर जिना बांधणाऱ्याची उपमा तथागतांनी दिली. मग मैत्री, करुणा, मुदिता व उपेक्षा यांची शिकवण दिली. दोघेही तरुण उपासक झाले.

तर मग कोणतेही मत "ज्याचे त्याचे मत" म्हणून सोडून द्यावे काय? नाही. मज्झिमनिकायात अस्सलायन नावाचा तरुण, ब्राह्मण ब्रह्म्याच्या मुखातून जन्मले म्हणून श्रेष्ठ, असा दावा घेऊन आला. तथागतांनी विचारले, ब्राह्मण स्त्रिया गर्भवती होतात, प्रसूत होतात, मुलांना पाजतात, हे दिसत नाही काय? यवन आणि कंबोज देशांत धनी आणि दास असे दोनच वर्ग आहेत आणि धन्याचा दास व दासाचा धनी होतो, हे तू ऐकले नाहीस काय? अस्सलायन निरुत्तर झाला. जे मत सर्वांना दिसणारी वस्तुस्थिती नाकारते, ते विवेकाचे नव्हे. आणि ते माणसाला जन्माने नीच ठरवीत असेल, तर त्याला विरोध करणे हे आपले कर्तव्य आहे.

म्हणून घरी असे वागा. बावीस प्रतिज्ञा तुम्ही स्वतः काटेकोर पाळा. नवस, अंगारे, गंडे-दोरे यांत भाग घेऊ नका. परंतु आईचा देव्हारा हिसकावू नका. तिच्याजवळ बसा, तिचा आधार ऐका, आपला सांगा. दोघांची मते एकाच वेळी खरी असू शकत नाहीत. पण आपापले आधार उघडे ठेवून बोलणारी दोन्ही माणसे विवेकी असू शकतात. मैत्री सोडून जिंकलेला वाद हा धम्माचा विजय नव्हे.

स्वाध्याय :
१) तिसऱ्या शेतकऱ्याला विवेकी का म्हणता येत नाही?
२) तथागतांनी वासेट्ठाला कोणता प्रश्न विचारला?
३) तुम्ही देव का मानीत नाही, हे कोणाचेही नाव न घेता घरातील मुलांना समजावून सांगा.

जय भीम!