छापलेल्या चित्रावरचा शेवटचा हात

मुलाला किंवा मुलीला फोटोग्राफी आवडते, पण कॅमेऱ्यावर पोट भरेल का, ही रायपूरजवळच्या अभनपुरातल्या पालकांची चिंता रास्त आहे. अशा घरांनी फोटोच्या धंद्यातलं एक कमी माहितीचं काम पाहून ठेवावं: फाइन आर्ट इंकजेट प्रिंटचं कोटिंग.

काम काय असतं?

पिग्मेंट शाईचे कण कागदाच्या पृष्ठभागावरच बसतात. मॅट कॉटन पेपरवर नुसतं नख लागलं तरी काळ्या भागात ओरखडा उठतो. डाय शाई आत मुरते, पण उजेडाने आणि हवेतल्या ओझोनने तिचा रंग लवकर उतरतो. म्हणून कागदावर स्प्रेचे पातळ हात देतात आणि कॅनव्हासवर रोलरने किंवा गनने अ‍ॅक्रिलिक वार्निश चढवतात. त्याआधी प्रिंट निदान एक दिवस सुकू द्यायचा; घाई केली तर शाईतल्या उरलेल्या ग्लायकॉलसारख्या द्रवाची वाफ फ्रेमच्या काचेवर आतून धुरकट थर धरते. पावसाळ्यातल्या दमट हवेत फवारलेलं लॅकर पांढरं पडतं. इथे हात चुकला, तर महागडा कागद, शाई आणि आधीची सगळी मेहनत एकदम वाया जाते.

काम तसं जुनंच आहे. १८९४मध्ये मुंबईत सुरू झालेल्या राजा रविवर्मा यांच्या छापखान्यातल्या ओलिओग्राफना, म्हणजे रंगीत शिळाछाप चित्रांना, तैलचित्राची चमक यावी म्हणून वार्निश देत.

शिकायचं कुठे?

फक्त कोटिंगची पदवी शोधत बसू नका. खैरागडचं इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय (१९५६) किंवा मुंबईचं जे. जे. स्कूल ऑफ आर्ट (१८५७) इथे दृश्यकलेचा पाया पक्का होतो. ते जमण्यासारखं नसेल, तर रायपूरच्या फोटो लॅबमध्ये किंवा फ्रेमवाल्याकडे उमेदवारी करावी. मार्च २०२५पासून अभनपुर–रायपूर मेमू धावते, त्यामुळे घरी राहूनही हे जमू शकतं.

पालकांनी काय विचारावं?

‘कोटिंग टेक्निशियन पाहिजे’ अशी जाहिरात क्वचितच दिसेल. छपाई, कोटिंग आणि फ्रेमिंग तिन्ही येणाऱ्याला मात्र लॅब, चित्रकार, हॉटेलांची सजावट करणारे अशी वेगवेगळी गिऱ्हाइकं मिळू शकतात. कोटिंग कधी करू नये, हेही त्याला कळायला हवं: संग्रहालयात जपायच्या प्रिंटवर नंतर काढता न येणारा थर देण्यापेक्षा काचेची फ्रेम बरी. कोटिंगमधल्या सॉल्व्हंटच्या वाफेपुढे साधा कापडी मास्क कुचकामी असतो. कामाच्या जागी कार्ट्रिज मास्क आणि एक्झॉस्ट आहे का, ते आधी बघा.

यंत्रासाठी कर्ज काढण्याआधी आवड तपासा. लॅबमधले टाकाऊ प्रिंट आणा, अर्धा भाग झाकून उरलेल्या अर्ध्यावर कोटिंग करा आणि ते उन्हाच्या खिडकीत लावा. कागद, शाई, हवेतला दमटपणा, तारीख हे सगळं वहीत टिपा आणि दर महिन्याला फरक लिहा. सहा महिने मुलाने न कंटाळता ही वही भरली, तर काम मागायला जाताना प्रमाणपत्राच्या जोडीला तीच वही पुढे ठेवावी.