वनस्पती तेलापासून जंतुरोधक कार्बनकण

एरंडेलाच्या दिव्यावर तांब्याचे भांडे पालथे धरून काजळ धरण्याची रीत महाराष्ट्रात जुनी आहे. भांड्याच्या बुडाशी जमणारी काजळी म्हणजे मुख्यतः तेलातील कार्बनच होय. तिचे मूळ कण मीटरच्या अब्जाव्या भागाच्या हिशेबाने मोजावे लागतात. अशा कणांना नॅनोकण म्हणतात.

हेच कण नियंत्रित रीतीने तयार करून रोगजंतूंविरुद्ध वापरता येतील काय, याचा अभ्यास आज अनेक ठिकाणी चालतो. प्रतिजैविक औषधांना दाद न देणारे जंतू वाढत असल्याने या प्रश्नास विशेष महत्त्व आले आहे.

महाराष्ट्रातील संशोधन

मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील प्रा. महेश्वर शेरॉन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये कापरापासून फुलरीन हा कार्बनचा प्रकार मिळविल्याचे प्रसिद्ध केले. पुढे प्रा. शेरॉन व डॉ. माधुरी शेरॉन यांनी वनस्पती तेलांपासून नॅनोकार्बन बनविण्याचे काम अंबरनाथ येथील एस.आय.सी.ई.एस. महाविद्यालयाच्या संशोधन केंद्रात केले. चामटोली हे गाव याच अंबरनाथ तालुक्यात आहे.

कृती आणि परिणाम

वनस्पती तेलाच्या वजनात सुमारे तीन-चतुर्थांश भाग कार्बनचा असतो. तेलाची वाफ निष्क्रिय वायूबरोबर तापलेल्या नळीभट्टीतून नेली जाते. बहुधा ७०० ते ९०० अंश सेल्सिअस तापमानाला, निकेल किंवा लोह यांसारख्या उत्प्रेरकावर कार्बन साचतो. नंतर तो धुऊन शुद्ध करतात.

असे काही कण जंतूंच्या बाह्य आवरणास इजा पोहोचवितात. अमेरिकेतील येल विद्यापीठात २००७ मध्ये एका जातीच्या कार्बन नळ्यांचा असा परिणाम आतड्यातील ई. कोलाय जंतूंवर दिसून आला.

तेल पुन्हा पिकविता येते, म्हणून ते खनिज कच्च्या मालापेक्षा हरित रसायनशास्त्राच्या तत्त्वांस अधिक अनुरूप ठरते. तथापि, भट्टीचा वीजवापर व शुद्धीकरणात वापरलेली आम्ले यांचाही हिशेब मांडावा लागतो. केवळ तेल वापरल्याने प्रक्रिया हरित होत नाही.

ग्रामपंचायतींनी लक्षात ठेवावे

प्रयोगशाळेतील बशीत जंतू मरणे आणि गावाचे पाणी सुरक्षित होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. जे कण जंतूंना इजा करतात, ते माणसाच्या पेशींनाही अपायकारक ठरू शकतात. म्हणून घरची काजळी पाण्यात टाकणे किंवा जखमेस लावणे सर्वथा अयोग्य होय. ‘नॅनो’ या नावाने विकले जाणारे जलशुद्धी साधन मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा अहवाल पाहिल्याखेरीज खरेदी करू नये. टी.सी.एल. पावडरचा नियमित वापर आणि ओ.टी. चाचणी यांत खंड पडू देऊ नये.

शिक्षकांनी दिव्याच्या काजळीवरून हा धडा वर्गात अवश्य समजावून द्यावा. विज्ञानाविषयीची उत्सुकता आणि त्याच्या वापरातील सावधगिरी या दोहोंचे शिक्षण त्यातून मिळेल.