गिटार आणि घरातील हवा

मुंबईच्या एखाद्या घरात पावसाळाभर भिंतीवर टांगलेली गिटार डिसेंबर महिन्यात दिल्लीस नेली जाते. खोलीत थंडीसाठी विजेची शेगडी लावलेली असते. दोन-तीन आठवड्यांनंतर एके सकाळी गिटारीच्या वरच्या फळीवर, घोडीच्या खालच्या बाजूस, केसासारखी बारीक चीर दिसते. वाद्य कोणी आपटलेले नसते की त्यावर काही पडलेलेही नसते. घरातील मंडळी प्रवासाला किंवा हमालाला दोष देऊन मोकळी होतात. वस्तुतः ही चीर हवेने पाडलेली असते, आणि तिची तयारी मुंबईच्या पावसाळ्यातच झालेली असते. ही घटना कशी घडते आणि ती घरच्या घरी कशी टाळता येते, याचा विचार या पाठात केला आहे.

लाकूड व ओल

झाड तोडले, फळ्या वाळल्या, त्यांचे वाद्य झाले, तरी लाकडाचा हवेशी चाललेला व्यवहार थांबत नाही. लाकडाच्या पेशींच्या भित्तिका हवेतील बाष्प शोषून घेतात आणि हवा कोरडी झाली म्हणजे ते परत देतात. हवेच्या प्रत्येक अवस्थेला लाकडातील ओलीचे एक ठराविक प्रमाण असते. तेथे पोहोचेपर्यंत ही देवघेव चालू राहते.

येथे ‘सापेक्ष आर्द्रता’ ही संज्ञा समजून घेणे अवश्य आहे. एखाद्या तापमानाला हवेत जास्तीत जास्त जेवढे बाष्प राहू शकते, त्याच्या शेकडा किती भाग प्रत्यक्षात आहे, ते सापेक्ष आर्द्रतेने सांगितले जाते. लाकूड हवेतील बाष्पाचे वजन पाहत नाही. ते ही टक्केवारी पाहते. साधारण घरगुती तापमानात सापेक्ष आर्द्रता ५० टक्के असता लाकडात त्याच्या कोरड्या वजनाच्या सुमारे ९ टक्के पाणी राहते. ती ८५ टक्के झाल्यास हे प्रमाण सुमारे १८ टक्क्यांवर जाते, आणि ३५ टक्के झाल्यास सुमारे ७ टक्क्यांवर येते.

पाणी शिरले की लाकूड फुगते, परंतु सर्व दिशांनी सारखे नव्हे. तंतूंच्या लांबीच्या दिशेने होणारा फरक जवळजवळ नगण्य असतो. आडव्या दिशेने तो पुष्कळच अधिक असतो. म्हणूनच पावसाळ्यात दाराची फळी रुंदीने फुगून चौकटीत अडकते, उंचीने वाढत नाही.

चार मिलिमीटरांचा हिशेब

सतारीच्या किंवा तंबोऱ्याच्या वरच्या फळीस तबली म्हणतात. तोच शब्द गिटारीच्या वरच्या फळीसाठी येथे योजला आहे. चांगल्या गिटारीची तबली बहुधा स्प्रूस नावाच्या सूचिपर्णी वृक्षाच्या लाकडाची असते. तिची जाडी अवघी अडीच ते तीन मिलिमीटर असते. मोठ्या आकाराच्या गिटारीत तिची रुंदी सुमारे ४०० मिलिमीटर भरते. पाठ व बाजू पुष्कळदा भारतीय शिसवीच्या असतात.

स्प्रूसमधील ओल एक टक्क्याने वाढली म्हणजे अशा तबलीची रुंदी शेकडा सुमारे ०.१५ ने वाढते. ओल ९ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर गेली, तर रुंदी शेकडा एकाहून किंचित अधिक, म्हणजे सुमारे ४ मिलिमीटर वाढावयास हवी. तबली मोकळी असती तर ती खुशाल तेवढी पसरली असती. परंतु तिच्या कडा बाजूंच्या फळ्यांना सरसाने जोडलेल्या असतात आणि आतून आडव्या-तिरप्या पट्ट्यांनी ती आवळलेली असते. पसरण्यास जागा नसल्यामुळे ती वर फुगते. घोडी वर उचलली जाते, तारा पडद्यांपासून दूर जातात, बोटांना अधिक जोर लावावा लागतो आणि नाद बोजड होतो.

पण मुख्य हानी डोळ्यांना न दिसणारी असते. पसरू पाहणाऱ्या तंतूंना कडांनी दाबून धरल्यामुळे त्यांच्या पेशी चेपल्या जातात, आणि काही अंशी कायमच्या चेपलेल्याच राहतात. पुढे हवा कोरडी झाली की तबली आपल्या मूळ रुंदीवर येऊन थांबत नाही. ती त्याहूनही अरुंद होऊ पाहते. आता कडा तिला आत येऊ देत नाहीत. तबली ताणली जाते, घोडीच्या आसपास खचते, आणि तंतूंच्या रेषेतच फाटते. पावसाळ्यात पेरलेली चीर हिवाळ्यात उगवते, ती अशी.

थंडीतील खोली कोरडी का होते?

दिल्लीच्या जानेवारीतील सकाळी धुके असते, हवा दमट असते. मग लाकूड वाळते कसे, असा प्रश्न स्वाभाविकपणे पडेल. याचे उत्तर गणितात आहे. १० अंश सेल्सियस तापमानाच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे ९.४ ग्रॅम बाष्प राहते. समजा, बाहेरची सापेक्ष आर्द्रता ८५ टक्के आहे; म्हणजे त्या हवेत ८ ग्रॅम बाष्प आहे. हीच हवा खोलीत येऊन २५ अंशांपर्यंत तापली, तर तिची बाष्पधारणेची मर्यादा सुमारे २३ ग्रॅम होते. बाष्प तेवढेच राहिले आणि मर्यादा वाढली. परिणामी सापेक्ष आर्द्रता ३५ टक्क्यांच्या आसपास उतरते.

तापमानाचे लाकडावरील बहुतेक परिणाम असे आर्द्रतेच्या मार्गाने होतात. निव्वळ उष्णतेने होणारे प्रसरण अल्प असते. तबली २० अंशांनी तापली तरी तिची रुंदी पाव मिलिमीटरहून अधिक वाढत नाही. उष्णतेचा प्रत्यक्ष धोका सरसाला असतो. उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत तापमान ६० अंशांच्याही वर जाऊ शकते, आणि वाद्यात वापरले जाणारे अनेक सरस त्या सुमारास मऊ पडू लागतात. सहा पोलादी तारांचा एकत्र ताण साधारणतः ७० किलो वजनाइतका असतो. सरस सैल झाला की एवढा ताण घोडी उखडण्यास पुरेसा होतो. अतिथंड जागेतून आणलेले वाद्य एकाएकी उबेत उघडले, तर त्यावरील रोगणास बारीक भेगा पडतात.

हवेचे मापन

उपाय योजण्यापूर्वी मापन हवे. जिनिव्हाचे शास्त्रज्ञ द सोस्यूर यांनी १७८३ मध्ये मानवी केसाच्या साहाय्याने चालणाऱ्या आर्द्रतामापकाचे वर्णन प्रसिद्ध केले. ओलीने केस लांबतो व कोरडेपणाने आखडतो, हे त्याचे तत्त्व होय. आज विजेच्या घटावर चालणारे लहान मापक स्वल्प किमतीत मिळतात. मात्र ते अचूक असतातच असे नाही. त्यांची परीक्षा घरीच पुढीलप्रमाणे करावी.

बाटलीच्या एका झाकणात खाण्याचे मीठ घ्यावे आणि त्यात पाण्याचे थोडेच थेंब घालून ओलसर लगदा करावा. मीठ पूर्ण विरघळू देऊ नये. हे झाकण व मापक एका पारदर्शक डब्यात ठेवून डबा घट्ट बंद करावा. दहा-बारा तासांनी आतील सापेक्ष आर्द्रता ७५ टक्के होते, कारण मिठाच्या संपृक्त द्रावणावरील हवेचा तो गुणधर्म आहे. मापक ८० दाखवीत असेल, तर त्याच्या प्रत्येक वाचनातून ५ वजा करावेत.

घरगुती उपाय

गिटारीसाठी ४५ ते ५५ टक्के सापेक्ष आर्द्रता उत्तम समजली जाते. आपल्या देशात शिलाँगचा पावसाळा, गोव्याचा किनारा आणि लेहची कोरडी थंडी अशी नाना हवामाने आहेत, आणि गिटार या सर्व ठिकाणी वाजते. सर्वत्र एकच नियम चालणार नाही; परंतु पुढील गोष्टी सर्वत्र उपयुक्त आहेत.

वाद्य वाजवून झाल्यावर बंद पेटीत ठेवावे. खोली हे मोठे हवामान, तर पेटी हे लहान हवामान होय. लहान हवामान सांभाळणे सोपे असते. पेटीमुळे दिवस-रात्रीचे चढउतार लाकडापर्यंत फारसे पोहोचत नाहीत. बाहेरच्या दमट भिंतीवर, खिडकीत, शेगडीजवळ किंवा वातानुकूलन यंत्राच्या झोतात गिटार ठेवू नये. मापक खोलीत न ठेवता पेटीत ठेवावा.

पावसाळ्यात पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात व त्या वेळोवेळी तापवून पुन्हा कोरड्या कराव्यात. मात्र पाऊस सरताच त्या काढून घेण्यास विसरू नये. कोरड्या ऋतूत याच पुड्या तबलीचा घात करतात. कोरड्या दिवसांत छिद्रे पाडलेल्या साबणाच्या डबीत ओला स्पंज, एकही थेंब गळणार नाही इतका पिळून, पेटीत ठेवावा. उघडे पाणी पेटीत कधीही ठेवू नये. ओल घेणाऱ्या आणि देणाऱ्या तयार पुड्याही आता मिळतात. त्यांतही संपृक्त द्रावणाचेच तत्त्व असते.

प्रवासाहून आल्यावर पेटी काही तास बंदच ठेवावी. दीर्घ काळ वाद्य वाजवावयाचे नसल्यास तारा किंचित उतरवून ठेवाव्यात.

पूर्वसूचना

चीर पडण्यापूर्वी वाद्य सूचना देते. दांडीच्या कडेवरून बोट फिरविताना पडद्यांची टोके टोचू लागली, तर लाकूड आकसले आहे असे समजावे. तारा खाली येऊन पडद्यांवर खरखरू लागल्या, तरी अर्थ तोच. उलट तारा उंच झाल्या आणि घोडीमागे तबलीस फुगवटा आला, तर ओल वाढली आहे. अशा वेळी घाईने घोडी घासू नये. ऋतू पालटल्यावर त्या घासण्याचा पश्चात्ताप होतो. प्रथम पेटीतील हवा हळूहळू, आठवडाभरात, योग्य प्रमाणावर आणावी, आणि मगच कारागिराकडे जावे.

फाटलेली तबली कुशल कारागीर सांधू शकतो, पण चेपलेली पेशी पूर्ववत होत नाही. यासाठी डिसेंबरात चीर शोधण्यापेक्षा जुलैमध्ये पेटी बंद करणे अधिक शहाणपणाचे आहे.

अभ्यासासाठी प्रश्न

१. दाराची फळी पावसाळ्यात रुंदीने फुगते, उंचीने नव्हे, असे का?
२. ३० अंश तापमानाच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे ३० ग्रॅम बाष्प राहते. प्रत्यक्षात १५ ग्रॅम असल्यास सापेक्ष आर्द्रता किती? ही हवा गिटारीस मानवेल काय?
३. मिठाच्या प्रयोगात मापक ७१ दाखवीत असेल, तर त्याच्या पुढील वाचनांत कोणती दुरुस्ती करावी?