डांगरें कां फुटतात?

तांबड्या भोपळ्यास आपल्या देवळ्याकडे डांगर म्हणतात. परसांत किंवा उकिरड्याच्या कडेस एखादें बीं पडलें तरी वेल माजतो, आणि फुलांखालीं लहान लहान डांगरें दिसूं लागलीं म्हणजे साऱ्या घराचें लक्ष तिकडे लागतें. परंतु पुष्कळदां असें होतें कीं, नारळाएवढें झालेलें फळ एके दिवशीं सकाळीं चिरलेलें आढळतें. कोणी तरी त्यास बोट दाखविलें, असें वडील माणसें म्हणतात. त्यांच्याविषयीं आम्हांस आदर आहे. तथापि येथें दोष बोटाचा नसून पाण्याचा आहे.

बोटाच्या समजुतीचा उगम निराळा असावा. डांगराच्या वेलावर नरफुलें व मादीफुलें वेगवेगळीं येतात. मादीफूल सकाळीं थोडा वेळच उमललेलें असतें. तेवढ्यांत मधमाशीनें पराग आणून न टाकल्यास त्याखालचें इवलें फळ पिवळें पडून गळतें. फळमाशीनें सालींत अंडीं घातलीं तर तें वांकडें होऊन सडतें. हे दोन्ही प्रकार फुटण्याहून भिन्न होत.

डांगराच्या १०० भागांत ९० हून अधिक भाग पाणीच असतें. जमीन सुकली कीं फळाची वाढ खुंटते व उन्हानें साल निबर होते. मग एकाएकीं भरपूर पाणी मिळालें म्हणजे मुळें तें अधाशासारखीं शोषितात. आंतील गर झपाट्यानें फुगतो, साल मात्र ताणली जात नाहीं, आणि चीर पडते. आपल्याकडे पाऊस बेताचा, विहिरीचें पाणी आधीं कांद्यास व डाळिंबास. परसांतील वेलास उरलेंसुरलें. त्यांतून शेतीची वीज पाळीनें येते. आठ दिवस कोरडें आणि नवव्या दिवशीं आळें तुडुंब, अशी गत होते!

डाळिंबाच्या बागाईतदारांस हें नवीन नाहीं. फळें भरतांना जमीन सुकून एकदम भिजली तर डाळिंबेंही तडकतात, आणि तडकलेल्या फळास बाजारांत किंमत येत नाहीं. बोरॉन ह्या द्रव्याची उणीव हेंही तेथें एक कारण असतें. म्हणून बागेंत ठिबकनें थोडें थोडें, पण नेमानें पाणी देतात. एवढ्या मोठ्या बागेस जें मानवतें तें एका वेलास कां मानवूं नये?

तेव्हां पाणी वाढविण्यापेक्षां तें नियमित करावें. भांडीं विसळलेलें पाणी रोज आळ्यांत गेलें तरी चालतें; मात्र त्यांत साबण नसावा. आळ्यांत बाजरीचें सरमड किंवा उसाचें पाचट पसरावें. त्यानें ओल टिकते, आणि अवचित पाऊस आला तरी कोरड्या-ओल्याचा फरक कमी पडतो. काळ्या जमिनींत पाणी तुंबूं देऊं नये. फळें धरल्यावर युरियाची मूठ टाकण्याचा मोह आवरावा. त्यानें वाढ उगीच भरधाव होते. फळावरचीं पानें तोडूं नयेत, तीं त्याची छत्रीच आहेत.

इतकें करूनही चीर पडलीच, तर ती नीट पाहावी. बारीक, कोरडी व खपली धरलेली असल्यास फळ वेलावरच राहूं द्यावें. पुष्कळदां तें तसेंच पिकतें. चीर ओली असून तिला मुंग्या लागूं लागल्या असतील, तर चिरलेला भाग काढून टाकून त्याच दिवशीं उरलेल्याची भाजी करावी.