फेंडरवरची जाळी: हवेची वाट की नुसती शोभा?

गाडीच्या पुढच्या चाकाला झाकणारा पत्रा म्हणजे फेंडर. हल्ली साध्या गाड्यांच्या फेंडरवरही माशाच्या कल्ल्यांसारख्या काळ्या प्लास्टिकच्या जाळ्या लावलेल्या दिसतात. यांना व्हेंट म्हणतात. "यानं ब्रेक थंड राहतात," असं विकणारे सांगतात. खरं आहे का ते? आपल्या शाळेतल्या विज्ञानावर एवढं तपासता येतं.

हवा जास्त दाबाकडून कमी दाबाकडे जाते, आणि तिला जायला मोकळी वाट लागते. गाडी पळताना चाकाच्या पोकळीत हवा कोंडते. बाहेर फेंडरच्या उंचवट्यावरून मात्र हवा वेगाने सरकते, तिथे दाब कमी असतो. मधे भोक असेल तर आतली हवा बाहेर खेचली जाते. 2015 च्या पोर्शे 911 जीटी3 आरएसमध्ये चाकाच्या बरोबर वर अशा फटी आहेत. त्यामुळे वेगात गाडीचं नाक कमी उचललं जातं. 1954 च्या मर्सिडीज 300 एसएलच्या बाजूच्या जाळ्यांतून इंजिनाची गरम हवा बाहेर पडायची. म्हणजे व्हेंट ही काही थाप नव्हे.

शोभेची परंपराही तितकीच जुनी बरं का! ब्युइक कंपनीने 1949 मध्ये फेंडरवर गोल भोकं दिली: रोडमास्टरला एका बाजूला चार, सुपरला तीन. पुढे ही भोकं बंदच असायची. लोक ती मोजून गाडी किती भारी ते ओळखायचे!

दुकानातली जाळी बहुतेक वेळा दुहेरी टेपने चिकटवतात. मागे पत्रा जसाच्या तसा. मग हवा जाणार कुठून? समजा पत्रा कापला, तरी आत चाकाभोवती प्लास्टिकचं अस्तर असतंच. तेही कापलं तर चिखल-पाणी आत शिरणार आणि कापलेल्या कडा गंजणार. पावसाळ्यात तर विचारूच नका.

आता वेग बघू. वाहत्या हवेचा दाब = ½ × घनता × वेगाचा वर्ग. हवेची घनता 1.2 किलोग्रॅम प्रति घनमीटर धरा. ताशी 36 किमी म्हणजे सेकंदाला 10 मीटर, दाब 60 पास्कल. ताशी 108 किमीला तोच 540 पास्कल. वेग तिप्पट, दाब नऊपट! शर्यतीच्या गाडीला जे मिळतं ते बाजारात फिरणाऱ्या गाडीला का मिळत नाही, ते इथे कळतं.

ब्रेक खरे तापतात ते घाट उतरताना, आणि तिथे वेग असतो ताशी तीस-चाळीस. 1200 किलोची गाडी 500 मीटर खाली आली, तर mgh ने सुमारे 59 लाख ज्यूल ऊर्जा सुटते. एवढ्यात 18 लिटर पाणी 25 अंशांवरून उकळीला येईल. सगळा भार ब्रेकवर टाकला तर ते तापून पकड सोडू लागतात. जाळी लावलीय म्हणून निर्धास्त राहणं इथे महागात पडतं. उतारावर खालचा गिअर टाका, म्हणजे यातला बराच भार इंजिन पेलतं. त्याला पैसेही लागत नाहीत.

वहीत सोडवा: ताशी 72 किमी वेगाला हवेचा दाब किती पास्कल? उत्तर कमेंटमध्ये लिहा.