सागवानी खिडकीची चौकट काढावी का?

प्रश्न : मिरजगावातल्या आमच्या जुन्या घराच्या सागवानी खिडक्यांवर ऑइलपेंटचे थर चढलेत. चौकटी काढून पॉलिश करता येतील का?

उत्तर : चौकटी काढू नका. दगडमातीच्या भिंतीत त्यांची टोकं पक्की बांधलेली असतात. उपसल्या तर वरचा भाग खचू शकतो. झडपा तेवढ्या उतरवा. बिजागऱ्यांच्या गंजलेल्या स्क्रूंवर आदल्या रात्री तेल सोडा.

जुन्या रंगात शिसं असण्याची दाट शक्यता आहे. घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा आपल्याकडे २०१७च्या नोव्हेंबरपासून लागू झाली. म्हणून रंग जाळू नका, कोरडा घासू नका. रिमूव्हर लावून ओला खरवडा. मुलांना आणि गरोदर बायकांना दूर ठेवा. खरवड पिशवीत बांधा, अंगणात झाडू नका.

लाकूड पूर्ण सुकू द्या, पावसाळ्यात हे काम नकोच. खालची आडवी पट्टी पटाशीच्या टोकाने टोचून पाहा. कुजकं निघालं तर लांबी भरून झाकू नका, सागाचाच तुकडा सांधा. मग उकळलेल्या जवस तेलाचे पातळ हात द्या. तेलाच्या चिंध्या बोळा करून ठेवल्या तर आपोआप पेटतात; उघड्यावर पसरून वाळवा.